भोंगा वाजला, आता धावणार कोण?

घरफोडीच्या बातम्यांत एक तपशील पुन्हा पुन्हा येतो. चोरांनी आधी शेजाऱ्यांच्या दारांना बाहेरून कड्या घातल्या आणि मग बंद घराचा कडीकोयंडा कटावणीने उचकटला. कुलपाची त्यांना फारशी फिकीर नसते, ते काही मिनिटांत तुटते. भीती असते ती आवाज ऐकून बाहेर येणाऱ्या माणसाची, म्हणून त्याचा बंदोबस्त सगळ्यांत आधी होतो.

घराच्या सुरक्षेवर पैसे घालताना आपण नेमके या माणसालाच विसरतो. कॅमेरे बसतात, भोंगा बसतो, मोबाइलवर ॲप येते. पण आपण गणपतीला कोकणात असताना रात्री अडीच वाजता पुण्यातल्या बंद फ्लॅटमध्ये तो भोंगा वाजला तर कोण उठेल, कोणाला फोन करेल आणि कोण जाऊन बघेल, हे ठरलेले नसते. सोसायटीत पाच मिनिटे भोंगा वाजतो, कोणीतरी खिडकीतून डोकावतो, ‘गाडीचा असेल’ म्हणून पुन्हा झोपतो. मॉनिटरिंग असलेली अलार्म यंत्रणा हीच उणीव भरून काढण्यासाठी असते. ती घ्यायची असेल तर तिचा हा अर्थ आधी मनात पक्का असावा.

बाजारात ‘अलार्म’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी मिळतात. पहिली, नुसता वाजणारा भोंगा. दुसरी, मोबाइलवर सूचना पाठवणारी यंत्रणा. तिच्यात पहारेकरी तुम्हीच असता, आणि तुम्ही विमानात असाल, झोपेत असाल किंवा लग्नाच्या मांडवात फोन पिशवीत असेल, तर पहारा संपला. तिसरीत घरातल्या पॅनेलचा, म्हणजे सगळे सेन्सर जोडलेल्या मुख्य पेटीचा, संदेश एका नियंत्रण कक्षात जातो आणि तिथे रात्रंदिवस पाळीने बसलेली माणसे ठरलेल्या क्रमाने हालचाल करतात. ही कल्पना जुनी आहे. अमेरिकेत बॉस्टनजवळच्या ऑगस्टस पोप यांनी १८५३ मध्ये विजेवर चालणाऱ्या चोरघंटेचे पेटंट घेतले. एडविन होम्स यांनी १८५७ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले आणि पुढे न्यूयॉर्कमध्ये अनेक घरांच्या, दुकानांच्या तारा एका मध्यवर्ती कचेरीत आणून तिथे माणसे बसवली. आपल्याकडे रखवालदार नसलेल्या अनेक एटीएमवर आज अशीच नजर असते. कोणी यंत्राशी झोंबू लागला तर दूरच्या कक्षातला माणूस स्पीकरवरून त्याला थेट दरडावतो आणि पोलिसांना कळवतो.

मिनिटांचा हिशेब

अलार्म चोराला अडवत नाही. अडवते ते दार, ग्रिल, कुलूप, तिजोरी. अलार्मचे काम खबर देण्याचे. म्हणून या दोघांचा हिशेब एकत्र मांडावा लागतो.

समजा, चोराला दार उघडायला चार मिनिटे लागतात, कपाट फोडायला सहा आणि ऐवज गोळा करून निघायला पाच. एकूण पंधरा. नियंत्रण कक्षातून फोन होऊन मदत दारात पोचायला बारा मिनिटे लागतात असे धरू. दाराच्या चौकटीवर धक्का टिपणारा सेन्सर असेल तर पहिल्याच घावाला संदेश जातो आणि मदत वेळेत येते. सेन्सर फक्त झोपायच्या खोलीत असेल तर पहिली चार मिनिटे वाया गेली. उरली अकरा, आणि मदत पोचते तेव्हा जिना रिकामा असतो. तिजोरीपाशीच सेन्सर लावून बसलेल्याची अवस्था याहून वाईट.

यावरून खर्चाचा क्रम ठरवता येतो. खबर जितक्या बाहेरच्या वेशीवर लागेल तितकी चांगली, आणि आतल्या वस्तू काढायला जितका वेळ लागेल तितका चांगला. मुख्य दाराबाहेर भक्कम जाळीचे सेफ्टी डोअर, भिंतीत नीट बसवलेली तिजोरी, बाल्कनीच्या सरकत्या दाराला आतून आडवी पट्टी, हे आधी करावे. तकलादू दारावर महागडी यंत्रणा बसवून फारसे काही साधत नाही. घरात न लागणारे दागिने लॉकरमध्ये ठेवणे हाही याच हिशेबाचा भाग आहे. मात्र रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या नियमांनुसार चोरी, दरोडा, आग अशा कारणांनी लॉकरमधला ऐवज गेला तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंतच असते, हे ध्यानात असू द्या.

सेन्सर कुठे आणि कसा

घरात साधारण दोन प्रकारचे सेन्सर लागतात. दार-खिडकीच्या चौकटीवरचा चुंबकी सेन्सर दार उघडले की कळवतो. खोलीच्या कोपऱ्यातला पीआयआर सेन्सर माणसाच्या अंगाची उष्णता हलताना टिपतो. कंपनीचा माणूस तासाभरात दोन्ही बसवून जातो, पण कुठे बसवले याकडे तुमचे लक्ष हवे.

पीआयआर सेन्सरला समोरून सरळ चालत येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा माणूस चांगला कळतो. म्हणून तो दाराच्या थेट समोर न लावता अशा कोपऱ्यात लावावा की आत शिरणाऱ्याला त्याच्यासमोरून आडवे जावेच लागेल. साधारण सात फूट उंची ठीक. काचेतून त्याला पलीकडचे दिसत नाही, त्यामुळे आत बसवलेला सेन्सर काचेच्या दारापलीकडची बाल्कनी सांभाळेल अशी आशा धरू नका. खोलीतल्या उष्णतेत आणि अंगाच्या उष्णतेत फरक असेल तरच तो नीट काम करतो. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पत्र्याच्या छताखालची बंद खोली माणसाच्या अंगाइतकी तापते, तेव्हा साधा पीआयआर मंद होतो. अशा ठिकाणी तापमानानुसार स्वतःला जुळवून घेणारा किंवा उष्णतेबरोबर मायक्रोवेव्हनेही हालचाल तपासणारा दुहेरी सेन्सर मागून घ्यावा. थोडे जास्त पैसे गेले तरी चालतील.

कोकणातली अडचण निराळी. पावसाळ्यात लाकडी दार फुगते, चौकटीतली फट बदलते आणि चुंबक सेन्सरपासून लांब सरकतो. मग दार बंद असूनही यंत्रणा ‘उघडे’ म्हणते. यंत्रणा उन्हाळ्यात बसवली असेल तर पहिल्या मोठ्या पावसानंतर तंत्रज्ञाला बोलावून ही फट पुन्हा जुळवून घ्यावी.

गॅस गळतीचा सेन्सरही याच पॅनेलला जोडता येतो आणि तो जोडावा असे मला आवर्जून सांगायचे आहे. त्यात एक घोटाळा हमखास होतो. सिलिंडरचा एलपीजी हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचतो, म्हणून त्याचा सेन्सर खाली लावायचा. पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असतो, तो वर चढतो, म्हणून त्याचा सेन्सर छताजवळ. सिलिंडर जाऊन पाइपलाइन आली असेल तर नव्या वायूला चालणारा सेन्सर घेऊन तो वरच लावा.

संदेश बाहेर पडतो का?

सराईत चोर आधी वीज तोडतो. आपल्या इमारतींत मीटरची खोली तळमजल्यावर, बहुतेक वेळा उघडीच. स्विच खाली पाडला की घर अंधारात. पॅनेलमध्ये बॅटरी असते, त्यामुळे ते चालू राहते. पण संदेश ज्या वायफायवरून जायचा तो राउटर बंद पडलेला असतो. ही चूक मोठमोठ्या बंगल्यांतही आढळते. पॅनेलमध्ये स्वतःचे सिमकार्ड हवेच. शक्यतो दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सिमकार्डे असावीत, आणि राउटरलाही छोटा यूपीएस जोडावा.

सिमकार्ड कोणाच्या नावावर आहे आणि त्याचे रिचार्ज कोण करते, हे करारात लिहून घ्या. रिचार्ज संपल्याने मुकी झालेली यंत्रणा भिंतीवर हिरवा दिवा लावून बसलेली असते आणि घरमालक निर्धास्त असतो. जुने पॅनेल टू-जीवर चालणारे असेल तर तेही बदलण्याच्या यादीत घ्या. जिओचे जाळे फोर-जीपासूनच सुरू होते, त्यात टू-जी नाहीच, त्यामुळे अशा पॅनेलमध्ये त्याचे सिम चालत नाही.

याहून महत्त्वाचा प्रश्न असा की तार कापली, जॅमर लावला किंवा पॅनेलच फोडले तर कक्षाला कळते का? चांगली यंत्रणा ठरावीक अंतराने कक्षाला ‘मी ठीक आहे’ असा संदेश पाठवत असते. तो आला नाही की कक्षात तीच धोक्याची सूचना मानली जाते. हा संदेश दर किती मिनिटांनी जातो, ते कंपनीला विचारा. दिवसातून एकदा जातो असे उत्तर आले तर चोराला अख्खी रात्र मोकळी मिळाली. पॅनेल दाराशेजारी दर्शनी ठेवू नका. दाराशी फक्त कळफलक हवा, पॅनेल आत, सेन्सरच्या टप्प्यात.

कॅमेऱ्यांचेही तेच. चोर जाताना डीव्हीआर उचलून नेतात, मग चित्रण कुठले? निदान अलार्मच्या वेळचे काही सेकंदांचे चित्रण घराबाहेर, कंपनीच्या सर्व्हरवर जायला हवे. आणि कॅमेऱ्याचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. २०१६ मध्ये ‘मिराय’ नावाच्या घातक प्रोग्रॅमने जगभरातले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले ते कारखान्यातून आलेले पासवर्ड कोणी बदलले नव्हते म्हणूनच.

कक्षातला माणूस आणि तुमची यादी

आता मूळ मुद्दा. कंपनी निवडताना यंत्राच्या माहितीपत्रकापेक्षा नियंत्रण कक्षाची चौकशी जास्त करा. कक्ष कोणत्या शहरात आहे, रात्रपाळीत किती जण असतात, तिथली वीज किंवा नेट गेले तर पर्यायी कक्ष आहे का, फोन उचलणाऱ्याला मराठी येते का. शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो. रात्री तीन वाजता घाबरलेली आजी जे बोलेल ते समोरच्याला पहिल्या फटक्यात समजले पाहिजे. शक्य असेल तर कक्ष पाहायला जा. जी कंपनी कक्ष दाखवायला खळखळ करते तिच्याशी करार करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. कंपनी स्वतःचे रखवालदार पाठवणार असेल तर खासगी सुरक्षा संस्था नियमन कायदा, २००५ नुसार तिच्याकडे परवाना हवा. तो मागून पाहा.

अलार्म आल्यावर कक्ष काय करतो? आधी कॅमेरा किंवा दुसरा सेन्सर पाहून खातरजमा, मग तुम्हाला फोन, तुम्ही सांकेतिक शब्द सांगितलात तर प्रकरण बंद. फोन लागला नाही किंवा शब्द चुकला तर यादीतल्या पुढच्या माणसाला आणि पोलिसांना. हा क्रम कागदावर घ्या आणि प्रत्येक पायरीला किती वेळ, तेही लिहून घ्या.

यादीतली माणसे नीट निवडा. बहुतेकांच्या यादीत स्वतः, पत्नी आणि मुलगा असतो, आणि तिघेही एकाच गाडीने गावी गेलेले असतात. मुलगा अमेरिकेत असेल तर तो यादीत जरूर असावा, कारण आपल्याकडे मध्यरात्र असते तेव्हा तो जागा असतो. पण दारापर्यंत जाणारा माणूस दहा-पंधरा मिनिटांच्या अंतरावरचा हवा. त्याच मजल्यावरचे शेजारी, सोसायटीचे सचिव, दोन गल्ल्या पलीकडचे मेहुणे. त्यांना आधी विचारा, त्यांच्याकडे चावी ठेवा आणि त्यांना बजावून सांगा की एकट्याने आत शिरायचे नाही. दार उचकटलेले दिसले तर लांब थांबून पोलिसांची वाट पाहायची, आत कशालाही हात लावायचा नाही, पंचनामा व्हायचा आहे.

महाराष्ट्रात ११२ क्रमांकावर केलेला फोन तुमच्या ठाण्यात वाजत नाही. तो नवी मुंबई किंवा नागपूरच्या केंद्रात उचलला जातो आणि तिथून जवळच्या पोलिस गाडीला निरोप जातो. त्यामुळे ‘मारुतीच्या देवळामागे’ एवढे सांगून भागत नाही. गाव, तालुका, रस्ता, इमारत, मजला, सहज सापडणारी खूण आणि पोलिस ठाण्याचे नाव असा पत्ता चार ओळींत लिहून तो कक्षाकडे आणि यादीतल्या प्रत्येकाकडे द्या. स्थानिक ठाण्याचा दूरध्वनी क्रमांकही त्याच कागदावर असावा.

खोटे अलार्म

यंत्रणा निकामी होण्याचे सर्वांत मोठे कारण चोर नसून पाल आहे. सेन्सरच्या तोंडावर पाल चढली, कोळ्याने जाळे विणले, उघड्या खिडकीतून मांजर आले, पंख्याच्या वाऱ्याने पडदा हलला, की अलार्म. दोन-तीनदा असे झाले की घरचे लोक यंत्रणा चालूच करत नाहीत आणि शेजारी लक्ष देत नाहीत. अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीने तर खोट्या अलार्मना कंटाळून २००० सालीच नियम केला की प्रत्यक्ष कोणी खातरजमा केल्याशिवाय नुसत्या चोरघंटेवर पोलिस जाणार नाहीत.

उपाय साधे आहेत. सेन्सर दर महिन्याला कोरड्या फडक्याने पुसा. दिवाळीची साफसफाई, गणपतीची आरास यात सेन्सरसमोर पडदा, मखर किंवा तोरण येत नाही ना, ते पाहा. रात्री घरात असताना दारे-खिडक्यांचे सेन्सर चालू आणि खोल्यांतले बंद ठेवता येतात. ही सोय वापरली की पाणी प्यायला उठलेल्या माणसामुळे भोंगा वाजत नाही. कामाला येणाऱ्या मावशी, स्वयंपाकीण, मुले या प्रत्येकाला वेगळा कोड द्या. कोण कधी आले-गेले त्याची नोंद राहते आणि काम सोडलेल्या व्यक्तीचा कोड तेवढा काढून टाकता येतो.

दुकान, पेढी, गोदाम

दुकानाच्या शटरला घरचा चुंबकी सेन्सर चालत नाही. शटर वाऱ्यानेही खडखडते. त्यासाठी जमिनीत बसवायचा जाड, शटरसाठीच बनवलेला सेन्सर मिळतो. पण शटर हा एकच रस्ता धरून चालू नका. नोव्हेंबर २०१७ मध्ये नवी मुंबईत जुईनगर इथे चोरांनी जवळचा गाळा भाड्याने घेतला, तिथून बँक ऑफ बडोदाच्या शाखेच्या लॉकरच्या खोलीपर्यंत भुयार खणले आणि सुमारे तीस लॉकर फोडले. शनिवार-रविवार गेला आणि सोमवारी ते उघडकीस आले. दारावरचा सेन्सर कितीही उत्तम असला तरी जमिनीखालून येणारा त्याला कळणार नाही. सराफाची पेढी, पतसंस्था, मोबाइलचे दुकान असेल तर तिजोरीच्या भिंतीला, जमिनीला आणि छताला घण, ड्रिल यांची कंपने टिपणारे सेन्सर हवेत. शेजारचा गाळा रिकामा असेल किंवा नव्याने कोणी घेतला असेल तर सामाईक भिंतीकडे जास्त लक्ष द्या.

दिवसाढवळ्या होणाऱ्या लुटीसाठी गल्ल्याखाली, पायाने दाबता येईल असे मूक बटण असावे. ते दाबल्यावर दुकानात काहीही वाजता कामा नये, संदेश फक्त कक्षात जावा. शस्त्र दाखवून अलार्म बंद करायला लावला तर त्यासाठीही वेगळा कोड असतो. तो टाकला की यंत्रणा बंद झाल्यासारखी दिसते आणि कक्षाला गुपचूप खबर जाते. हा कोड नोकरांना पाठ असू द्या. आणि त्यांना एक गोष्ट ठामपणे सांगा: लुटारूशी झटापट करायची नाही, माल गेला तरी चालेल.

रात्री दुकान ठरल्या वेळी बंद झाले नाही किंवा भलत्या वेळी उघडले तर कक्षाने कळवावे, अशीही व्यवस्था करता येते. धुराचे सेन्सर त्याच पॅनेलला जोडा. बंद गोदामात शॉर्टसर्किटने लागलेली आग बाहेर दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो, आणि अग्निशमन दलाला १०१ वर दहा मिनिटे आधी फोन गेला तर अख्खा माल वाचू शकतो.

विम्याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत गृह रक्षा’ या प्रमाणित घरविम्यात आग, पूर, भूकंप वगैरे धरले आहेत. चोरी मात्र अशा एखाद्या घटनेमुळे आणि ती घडल्यापासून सात दिवसांत झाली तरच. साध्या घरफोडीसाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. दुकानाच्या घरफोडी विम्यात बहुधा जबरदस्तीने आत शिरल्याच्या खुणा मागितल्या जातात. प्रस्तावात अलार्म असल्याचे लिहून दिले असेल तर तो चालू स्थितीत ठेवणे तुमच्यावर बंधनकारक ठरू शकते. म्हणून देखभालीच्या पावत्या आणि कक्षाकडचा मासिक अहवाल जपून ठेवा.

खेड्यात किंवा मळ्यातल्या वस्तीवर अशी कंपनी परवडत नाही, मिळतही नाही. पण तिथे आपल्या राज्यात एक फार चांगली सोय उभी राहिली आहे. पुणे, नाशिक, अहिल्यानगर, सातारा अशा जिल्ह्यांतल्या अनेक गावांत ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. चोर आले, आग लागली, बिबट्या दिसला, की गावकऱ्याने एका टोल फ्री क्रमांकावर फोन करायचा. त्याच्याच आवाजातला निरोप गावातल्या सगळ्या नोंदलेल्या फोनवर एकाच वेळी जातो. शहरातली कंपनी महिन्याचे पैसे घेऊन जे करते, ते इथे गाव स्वतः करते. तुमच्या गावाची नोंद झाली आहे का, ते ग्रामपंचायतीत किंवा पोलिस पाटलांकडे विचारा, आणि घरातल्या प्रत्येकाचा क्रमांक त्यात घाला.

ज्यांच्याकडे यंत्रणा आधीच आहे त्यांनी येत्या रविवारी एवढे करावे. कक्षाला आधी कळवून घराचा मेन स्विच बंद करा, यंत्रणा चालू करून दार उघडा आणि घड्याळ लावून बसा. कक्षाचा फोन किती वेळात येतो ते लिहून ठेवा. तो उचलू नका, आणि यादीतल्या दुसऱ्या माणसाला फोन जातो का ते पाहा. दोन मिनिटांत काहीच हालचाल झाली नाही तर सोमवारी सकाळी कंपनीला लेखी तक्रार करा, आणि दुरुस्ती होईपर्यंत घर बंद ठेवून गावी जाऊ नका.